लागणारा वेळ

“पुढचं वाचते,” संपादकबाई म्हणाल्या. “किनारा, वाट सातवी. खाडीच्या तोंडापासून दीपगृहापर्यंत. छापलंय चार तास.”

“तीन तास पन्नास मिनिटं,” मास्तरांनी वहीत बघून सांगितलं.

बाईंनी लाल पेनाने चारवर काट मारली आणि शेजारी नवा आकडा लिहिला. टेबलावर पुस्तकाची कच्ची पानं पसरली होती, आणि ती पंख्याने उडू नयेत म्हणून एका टोकाला चहाचा कप, दुसऱ्या टोकाला डिंकाची बाटली ठेवलेली.

भूगोलाच्या मास्तरकीतून सुटल्यावर मास्तर सहा वर्षं देशभर पायी हिंडले होते. आधी किनारे, मग डोंगर, शेवटी बेटं. त्याचं पुस्तक झालं. पस्तीस वाटा, आणि प्रत्येक वाटेखाली एक चौकट: अंतर, पाण्याची सोय, लागणारा वेळ. लोकांना पुस्तक आवडलं, पण वेळांबद्दल सगळ्यांची एकच ओरड होती. एका वाचकाने तर लिहिलं होतं, ‘तुमचं पाच तासांचं बेट आम्ही तीन तासांत पालथं घातलं आणि परतीच्या लाँचची वाट बघत दोन तास धक्क्यावर माश्या मारत बसलो. लेखक कासवाला सोबत घेऊन फिरले होते काय?’

सोबत बायको होती. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. हृदयाचं दुखणं. “वर्षभर आधी दाखवलं असतंत तर वाचल्या असत्या,” डॉक्टर म्हणाले होते. मास्तरांनी ‘बरं’ म्हणून मान हलवली होती. तेव्हापासून त्यांना भूक लागायची, झोपही यायची, बाकी काही येत नव्हतं. कासवाचं ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं, तरी राग आला नाही. नव्या आवृत्तीसाठी वेळा तपासून द्या, असं कार्यालयाने कळवलं, तेव्हा ते उठले आणि पस्तीसच्या पस्तीस वाटा घड्याळ लावून पुन्हा चालून आले. एकटे.

“डोंगर, वाट नववी. साडेपाच तास.”

“चार पन्नास.”

लाल रेघ.

ती वाटेत थांबायची, हे खरंच होतं. कधी बुटात खडा गेला, कधी नुसतंच ‘अहो, जरा समुद्राकडे तरी बघा’, आणि सगळ्यात जास्त वेळा बुटाची नाडी सुटली. नाडीवरून मास्तर तिला फार चिडवायचे. पहिलीतल्या पोरालाही तुझ्यापेक्षा पक्की गाठ मारता येते, म्हणायचे. ती वाकल्या वाकल्याच हसायची. बराच वेळ वर बघायची नाही.

“बेटं, वाट तिसरी. साडेचार.”

“दोन पन्नास.”

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मागची पानं चाळली, पुन्हा पुढे आल्या.

“गंमत बघा हं सर. किनाऱ्यांत फरक दहा-पंधरा मिनिटांचा आहे. डोंगरात चाळीस. ते एक वेळ मी समजू शकते, चढ असतो. पण तुमची बेटं तर सगळी सपाट! तिथे दीड-दीड, दोन-दोन तास? शेवटी शेवटी दमला होतात की काय?”

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पानं आपल्याकडे ओढली. वर्षानुवर्षं घड्याळ बघून वेळ ते सांगत आणि वहीत ती लिहून घेई. तीच वेळ इथे काळ्या शाईत छापलेली होती आणि तिच्या शेजारी एकट्या माणसाची लाल. पहिल्या वर्षी दोघी अगदी लगटून होत्या. मग थोडं अंतर पडलं. मग पान उलटावं तसतसं ते वाढतच गेलं होतं, मिनिटाची चूक नाही. आयुष्यभर त्यांनी पोरांना पावसाचे आलेख वाचायला शिकवलं. हा आलेख त्यांनी स्वतः छापून घेतला होता, चौकटीत घालून, आणि वाचला नव्हता.

“सर?”

“हो,” मास्तर म्हणाले. “दमलो होतो.”

“मग चालू द्या. आता राहिलं शेवटचं बेट. पाच तास.”

“तीन.”

बाईंनी पाचावर काट मारली. मग कागदाच्या कोपऱ्यात भराभर बेरीज केली आणि खूश होऊन पेनाला टोपण लावलं.

“बघा तरी! एकूण जवळजवळ एकोणतीस तास वाचले!”

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले आणि त्यांनी मान हलवली.

वही पिशवीत गेली. छत्री आठवणीने घेतली. बाई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आल्या, महिन्याभरात नवी प्रत घरपोच येईल म्हणाल्या. मास्तर दोन पायऱ्या उतरले, तिसरीवर कठडा धरून उभे राहिले आणि हळूहळू खाली वाकले.

“काय झालं सर? बरं वाटत नाहीये का?”

“काही नाही,” वर न बघता मास्तर म्हणाले. “नाडी सुटली.”

बाई एक पायरी उतरून पुढे झाल्या. मास्तरांच्या पायात चपला होत्या.