डाव्या सीटचं माप

"काका, गाडीभर एकसारखा, एकदम स्वच्छ आवाज हवा असेल, तर डाव्या सीटवरचं काकूंच्या कानांचं माप पुसावं लागेल," शाहीन म्हणाली. मिरजेत गाड्यांचे स्टिरिओ जुळवून देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"पूस. कुमुदला जाऊन महिना झाला," सोहनी म्हणाले.

हल्लीच्या गाड्यांची प्रत्येक सीट रोज बसणाऱ्याचे कान आपणहून तपासायची. त्याला जेवढं कमी ऐकू येई, तेवढा आवाज त्याच्यापुरता चढवायची. गाण्याचा आणि शेजारच्याच्या बोलण्याचाही.

पडद्यावरचे आकडे पाहून शाहीन थबकली. "काकूंना खूपच कमी ऐकू यायचं का हो?"

"छे! गाडीत तर गप्पांना ऊत यायचा. रोज संध्याकाळी मागे लागायची, चला, एक चक्कर मारून येऊ. गाण्यांचं वेड, दुसरं काय!"

शाहीनने माप तसंच ठेवून त्यांना डाव्या सीटवर बसवलं. दारं लावली, स्वतः स्टिअरिंगमागे बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ऐका, काका."

ते दोन शब्द असे आदळले की सोहनींनी दोन्ही हातांनी कान झाकले. शाहीन गप्प झाली, तरी त्यांचे हात खाली आले नाहीत.

हाक मारली तर कुमुद ओ देत नाही, मुद्दाम करते, असं धरून त्यांनी दोन वर्षं घरात तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.