खाडा

“रोज सकाळी उठल्याबरोबर एक पान लिहायचं, पोरी. खाडाखोड चालेल, खाडा चालणार नाही. ज्या दिवशी पान आलं नाही, त्या दिवशी मी स्वतः खाली येऊन बघेन. शब्द देतो.”

वरच्या मजल्यावरच्या काकांनी हे दाराच्या फटीतून सांगितलं होतं. तिची आई जाऊन महिना झाला होता आणि ती जिन्यात बसून रडत होती.

काका निवृत्त मुद्रितशोधक. चष्म्याच्या दुकानात कामाला निघताना ती त्यांचं दूध, भाजी आणि आपलं पान घेऊन वर जाई. दाराची साखळी न काढताच ते सगळं आत घेत. “गुडघे बोलतात गं हल्ली,” म्हणत. काकू गेल्यापासून गुडघे बोलू लागले होते, आणि साखळीही तेव्हापासून निघाली नव्हती.

संध्याकाळी पान लाल शाईनं रंगून परत मिळे.

“‘एकटी’ तीनदा आलंय. एकदा लिहिलंस तरी कळतं मला.”

“मग दोनदा खोडा.”

“खोडलंय. बघ, किती हलकं झालं पान!”

खरंच हलकं वाटे. अकरा महिने तिनं नेम मोडला नाही, तापातसुद्धा नाही. तिन्हीसांजेला डोक्यावर काकांच्या येरझारा ऐकू येत. खिडकीपासून दारापर्यंत, भरभर. दाराशी येऊन थांबत.

आज मात्र आठ वाजून गेले तरी ती वर गेली नाही. दुकानात फोन करून म्हणाली, “आज येणं जमणार नाही.”

“बरं नाही का?”

“दुपारपर्यंत कळेल.”

दाराची कडी काढून ठेवून ती टेबलाशी बसली. पेनाचं टोपण बंद. नळाचा थेंबसुद्धा मोठ्यानं पडतोय असं वाटत होतं.

नऊ वाजता वर येरझारा सुरू झाल्या. दाराशी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या.

“पोरी?” वरून, दाराच्या फटीतून हाक आली. “अगं, पान?”

तिनं ओठ घट्ट मिटले. डोळे भरून आले, पण ओ दिली नाही.

मग साखळी खळकन निघाली. चौदा महिन्यांनी. पायरीवर एक पाऊल वाजलं. थांबलं. दुसरं वाजलं.

तिनं आवाज न करता दुसरा कप मांडला आणि पहाटेच लिहून ठेवलेलं पान त्याखाली सरकवलं. त्यावर एवढंच लिहिलं होतं: “मी ठणठणीत आहे, काका. साखळी निघाली ना? आता बसा, चहा घ्या.”