एका खाटेची खोली

"दोन खाटांची खोली आहे. बाथरूम आतच. नर्स चोवीस तास," रोहन म्हणाला आणि त्यानं मोबाइलवरचे वाघोलीच्या वृद्धाश्रमाचे फोटो आईबाबांपुढे धरले.

रविवारची दुपार होती. विश्रांतवाडीच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये चौघंच होते. रोहन वाकडहून आला होता, त्याची बहीण शर्मिला कात्रजहून. आठवड्यापूर्वी बाबांना उठवताना आई बाथरूममध्ये घसरली होती. तिच्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर होतं. तीन वर्षांपूर्वी बाबांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून त्यांचं सगळं तीच करत होती. आता एका हातानं करत होती.

बाबांनी फोटोंकडे पाहिलंसुद्धा नाही. "छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात घासली, तेव्हा हे घर झालं. आता वाघोलीला भाड्याच्या खाटेवर जाऊन मरू?"

"मरायचं कोण म्हणतंय, बाबा? आईकडे बघा ना जरा."

"तिला काय धाड भरलीय? प्लॅस्टर निघेल दोन आठवड्यांत."

"घरीच एखादा माणूस ठेवला तर?" शर्मिलानं विचारलं.

"तीन ठेवले," आई म्हणाली. "तिघांनाही ह्यांनी पळवून लावलं."

पुन्हा तेच बोलणं सुरू झालं. रोहन समजावत होता, बाबा उडवून लावत होते. आई प्लॅस्टरच्या कडेवरून बोट फिरवत बसली होती. मधेच तिनं विचारलं,

"रोहन, एका खाटेची खोली मिळते का रे तिथं?"

"अगं, बाबा एकटे कसे राहतील?"

"त्यांना नाही. मला."

खालून भंगारवाल्याची आरोळी आली आणि विरून गेली.

"ह्यांना जायचं नाही ना, राहू देत इथं. मी जाते," आई म्हणाली. "एकतीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात लोकांचं केलं. मग तुमच्या आजीचं. मग ह्यांचं. मला आता नुसतं पडून राहायचंय. कुणी हाक मारायला नको."

तिचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच शर्मिला घाबरली.

"आणि माझं?" बाबांनी विचारलं.

"मुलं आहेत की. आठवडा-आठवडा वाटून घेतील."

रोहननं शर्मिलाकडे पाहिलं. शर्मिला फरशीकडे बघत होती.

मग बाबा सवयीनं म्हणाले, "अगं ए, बाथरूमला जायचंय."

आई खुर्चीतून अर्धी उठली. तशीच क्षणभर थांबली आणि परत बसली. "रोहन, तू ने."

रोहननं बाबांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ते हलले नाहीत.

"ओढू नकोस. आधी पाय नीट ठेव त्यांचे. मग कमरेला धर," आई जागेवरूनच म्हणाली.

दाराशी पोचेपर्यंत उशीर झाला होता. बाबांचा पायजमा ओला झाला. रोहन तो उतरवायला वाकला तेव्हा बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पाणी, टॉवेल, दुसरा पायजमा. लुळा पाय आत घालायला तीनदा प्रयत्न करावा लागला. एकदा दोघंही धडपडले. "सॉरी, बाबा," रोहन म्हणत राहिला.

दोघं बाहेर आले तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. रोहनचा शर्ट पाठीला चिकटला होता.

आई खुर्चीतच झोपली होती. मान एका बाजूला कलली होती, तोंड उघडं पडलं होतं. शर्मिला तिला आत निजवायला म्हणून उठली. बाबांनी उजव्या हातानं शर्मिलाचं मनगट धरलं आणि मान हलवली.

रोहननं त्यांना हळूच खुर्चीत बसवलं. त्यांची धाप थांबायला वेळ लागला. ते आईकडेच बघत होते.

"ती एका खाटेची खोली," शेवटी ते पुटपुटले, "विचारून ठेव. माझ्यासाठी."

"बाबा, आई उठू दे. मग बसून नीट बोलू."

"तिला आत्ता सांगायचं नाही." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "कळलं, तर माझ्याबरोबर यायला निघेल."