म्युनिकचा कर

पोस्टमन जोतीराम बजाबाईंच्या उंबऱ्यावर बसून दिगूचं पत्र वाचत होता. दिगू एकाहत्तर साली सोलापूर सोडून जर्मनीला गेलेला, तिथं म्युनिक शहरात कॉम्प्युटरचा इंजिनेर.

"झुरिकची कंपनी पगार जास्त देते, पण तिथं घरभाडं फार. लंडनला पगारही कमी आणि कर जबर. म्युनिकला लग्न झालेल्या माणसाला कर बराच कमी बसतो, म्हणून सगळं वजा जाऊन माझ्या हातात इथंच जास्त उरतं. तेव्हा मी इथंच राहायचं ठरवलं आहे."

"हिशेबाला पक्कं हाय की पोरगं, मावशी!"

"माज्या पोटचं हाय ते. तुज्यावानी मोड द्यायला बोटं मोजत न्हाय बसत. ती कराची वळ परत वाच बरं."

जोतीरामनं परत वाचली. बजाबाईंचा पदर हातातल्या हातात चुरगळला. दिगूसाठी म्हणून केम गावच्या भावाची पोर त्यांनी चार वर्षं अडवून ठेवली होती.

"उत्तर लिव," त्या म्हणाल्या. "भावाचं काय ते मी निस्तरते. तू त्याला इचार, सुनंचं नाव काय हाय?"

जोतीरामचं पेन जागीच थांबलं.

"बघत काय बसलास, मुडद्या? लिव की! ह्या रिकाम्या घरात हाक मारायला मला एक नाव तरी नको व्हय?"