बँड संथ झाला

साहेब, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं, असं आता सांगू नका.

साखर कारखान्याचे चेअरमन म्हणून इंदापुरातल्या त्या सत्काराला तुम्हीच पाहुणे होतात. सांगवीच्या हेवी मेटल रॉक बँडकडं बोट दाखवत माईकवर म्हणालात, "ही पोरं आधी नुसता ठणाणा करायची, ड्रम फुटंस्तोवर बडवायची. आता बघा, कशी सबुरीनं वाजवत्यात! याला म्हणायचं परिपक्वता." पुण्याच्या एका समीक्षकानंही नव्या अल्बमवर तेच लिहिलं होतं, की ड्रमच्या दोन ठोक्यांमधली शांतता आता अंगावर येते.

ड्रमर युवराज खाली मान घालून ऐकत होता. एकेकाळी त्याचे ठोके मोजता मोजता माणूस दमायचा. तुम्ही फोटोवाल्याकडं बघतच त्याच्या खांद्यांवर शाल पांघरली, नारळ पुढं धरला. त्यानं डावा हात पुढं केला, तसे तुम्ही हसलात.

"आरं, सत्काराचा नारळ डाव्या हातानं घेत्यात व्हय? काय वळण हाय का न्हाय?"

सगळा मांडव हसला. युवराजनं शाल खाली पडू दिली. शर्टाची उजवी बाही कोपरापासून रिकामी लोंबत होती.



"उजवा तुमच्याच कारखान्यात, ऊस वाहणाऱ्या पट्ट्यात गेला, साहेब," तो माईकजवळ वाकून म्हणाला. "राहिलेल्या हातानं जेवढं वाजतंय, तेवढंच वाजवतोय. हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी कुणी काढायला लावली, तेवढं सांगा."