ट्यूबा तापेपर्यंत

देवमनकाकांचा ट्यूबवाला जुना बेस ॲम्प्लिफायर विकत घ्यायला सुगत अमरावतीहून अकोल्याला, थेट जठारपेठेत आला होता. उभा जन्म ऑर्केस्ट्रात गेलेला डबा, पण वर धुळीचा कण नव्हता. म्हणूनच त्याला शंका आली.

"काका, काहून विकून राहिले? काही खराबी हाय काय?"

"तापाले येळ लागते."

सुगत हसला. "ट्यूबा हायेत, येळ तं लागनारच न!"

काकांनी बटण दाबलं. ट्यूबा हळूहळू तांबूस होऊ लागल्या. सुगत गिटार घेऊन थांबला. काका मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते.

"मी वाजवाले बसलो, का तुयी काकू तिथून बाहेर येई. ट्यूबा तापेपर्यंत दिवसभराचं सांगे," ते म्हणाले. "थे गेल्यापासून एवढासा येळ सरता सरत नाई, बाप्पा."