इंग्रजीतली बोलणी

“मास्तर, कामचुकाराला इंग्रजीत काय म्हणतात?”

काकूंनी विचारलं आणि मास्तरांची कात्री कापडातच थांबली. काकू म्हणजे शिवणखान्यातल्या सगळ्यात जुन्या कारागीर. बावीस वर्षांत त्यांनी इंग्रजीचं नाव काढलं नव्हतं.

कारण होतं मालकीणबाईंचा नवा फतवा. गिऱ्हाइकांसमोर कुणाला झापायचं नाही. आदल्या दिवशीच काकूंनी नव्या मुलीला भर दुकानात विचारलं होतं, “हातात सुई आहे की कुदळ?” मुलगी डोळे पुसत म्हणाली होती, “महिनाअखेरीला मी सोडते नोकरी.”

“इंग्रजीतून झापलं की झापल्यासारखं वाटत नाही,” काकू म्हणाल्या.

मास्तरांना शब्द जमवायची हौस. कापडाच्या ठाणांमागे त्यांची डिक्शनरी असे. मुलीची त्यांना दया आली. गंभीर चेहऱ्याने ते म्हणाले, “डिलिजंट.” खरा अर्थ, कष्टाळू.

काकूंनी शब्द दोनदा घोळवला आणि कडाडल्या, “ए पोरी! यू आर व्हेरी डिलिजंट!”

मुलगी आधी दचकली, मग लाजून लाल झाली.

मग रोज एक शब्द. ‘धांदरट’ म्हणून मास्तरांनी ‘मेटिक्युलस’ दिला, म्हणजे काटेकोर. ‘बिनकामाची’ म्हणून ‘इनडिस्पेन्सेबल’, म्हणजे जिच्यावाचून पान हलत नाही अशी. काकू शब्द फेकायच्या आणि लगेच मशीनकडे तोंड फिरवायच्या. एकदा मुलीची काजं अगदी एका ओळीत आली, तरी काकू शब्द मागायला हजर! ‘जित्याची खोड,’ मास्तर मनात म्हणाले.

महिना संपला. समोरच्या दुकानाने जास्त पगार देऊ केला, तरी मुलगी गेली नाही. “काकूंसारखं कौतुक कोण करणार?” ती मास्तरांना म्हणाली.

मास्तरांना राहवेना. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ते काकूंपुढे उभे राहिले.

“काकू, माफ करा. मी तुम्हाला सगळे अर्थ उलटे सांगितले. महिनाभर तुम्ही तिला शाबासकी देताय.”

काकूंनी शांतपणे सुईत दोरा ओवला.

“पहिल्याच संध्याकाळी लेकीच्या डिक्शनरीत बघितलं मी. उद्याचा शब्द काढून ठेवा, मास्तर. आणि अर्थ उलटाच सांगा, नाहीतर माझ्या तोंडून निघायचा नाही.”